झिऱ्यावरचा तवंग

माझा स्वभाव शक्की आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी तसं म्हटलेलं मला खपत नाही. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण कुणी सरकवलं, गोठ्याची कडी कुणी उघडी टाकली, शेजारची आज एवढी गोड कामून बोलायली, हे मला विचारल्याबिगर राहवत नाही. मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणतात, "तू पोलिसात जायला पायजे व्हतं. भाकरी थापण्यात लय वाया गेलीस." त्यांना थट्टा सुचते. पण माझ्या संशयानं कितीदा तरी खरा चोर शोधून दिलाय, हेही तितकंच खरं. एकदा मात्र मी साफ चुकले आणि त्यात एका नवरा-बायकोची नदी गेली. हे त्या दोघांबद्दल आहे.

आमचं गाव येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठावर. गावात नळ आहे, बोअर आहेत, पण बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाखाली टणकच. म्हणून नदी बारीक झाली की आम्ही बायका काठाला वाळूत झिरा घेतो. झिरा म्हणजे गुडघाभर खड्डा. तळाशी पाणी पाझरून साचतं. वाटीनं दोनदा उपसून गढूळ फेकून द्यायचं, तिसऱ्यांदा येतं ते निवळशंख. त्याच पाण्यात डाळ, त्याच पाण्याचा चहा, प्यायलाही तेच. वाळू पाणी गाळते यावर आमचा जेवढा विश्वास आहे तेवढा त्या फिल्टरच्या मशिनीवर नाही. अधूनमधून धरणातून पाणी सुटतं, तेव्हा नदी दोन दिवस भरून वाहते आणि झिरा बुडून जातो. पाणी ओसरलं की त्याच जागी परत उकरायचा.

त्या ओसरत्या पाण्याची वाट आणखी दोघं बघायची. गावाच्या कडेच्या वस्तीवरचा एक मासे धरणारा आणि त्याची बायको. गावात त्याला जाळेवाला म्हणायचे. पाणी उतरलं की मासे डबक्यांत अडकतात, तेव्हा तो थर्माकोलच्या बांधलेल्या चकत्यांवर बसून जाळं टाकायचा. बायको पाटीत मासे घेऊन जिंतूरच्या बाजाराला जायची. आधी दोघं दरसाल ऊसतोडीच्या टोळीत जायची, सहा महिने घराला कुलूप. एकदा मी पाणी उपसत होते आणि ती शेजारी पाटी धूत होती. आपणहून म्हणाली, "काकू, ही नदी हाय म्हनून कोयता सुटला बगा. पोरगी तीन वर्सं झाले एकाच शाळंत हाय." मी म्हटलं, "बरं हाय की माय." एवढंच बोलले. पाटीचा वास माझ्या झिऱ्यात उतरेल की काय, याच्याकडंच माझं लक्ष.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्हाला झिऱ्याची जागा बदलावी लागली. जुन्या जागेवरची वाळू ट्रॅक्टरवाल्यांनी खरवडून नेली होती. कुणी नेली ते मला माहीत आहे, पण तो विषय निराळा. मग आम्ही पन्नासेक पावलं खाली, काठाला अगदी लागून नवा झिरा घेतला. पहिले पंधरा दिवस पाणी चांगलं लागलं. मग धरणाचं पाणी सुटलं, ओसरलं, मी झिरा उकरला आणि घरी येऊन चहा ठेवला. मालकांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. "चहात काय टाकलंस?" म्हणाले. मी चव घेतली. डिझेल. तशीच उठून नदीवर गेले. झिऱ्यावर तवंग होता, मोरपंखी, उन्हात फिरणारा. बोट घातलं की फाटायचा आणि लगेच परत जुळायचा.

आता डिझेल येणार कुठून? काठावर एकाचंही इंजिन उरलं नव्हतं. आम्ही आमचं आदल्या वर्षीच भंगारात घातलं होतं आणि सोलरचा पंप बसवला होता. बाकीच्यांच्याही विजेच्या मोटारी. म्हणजे आमच्यापैकी कुणी नाही. मी मान वर केली, तर पलीकडच्या डबक्यात जाळेवाला बसलेला. त्याच्या चकत्यांना एक पांढरी कॅन बांधलेली. ती कॅन मी आधी शंभर वेळा बघितली असेल. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

तरी मी उतावळी नाही. पुरावा लागतो. घरातल्या कॅलेंडरवर मी खुणा करायला लागले. पाणी सुटलं की एक टिकली, तवंग आला की फुली, जाळेवाला दिसला की गोल. त्या उन्हाळ्यात तीनदा पाणी आलं आणि तिन्ही वेळा पाणी उतरल्यावर फुली आणि गोल एकाच दिवशी. मधल्या कोरड्या दिवसांत ना तवंग ना तो. डबक्यात काहीबाही ओतून मासे वर काढतात, असं कुणीतरी कधीतरी बोलल्याचंही मला बरोबर त्याच वेळी आठवलं. बिनकामाचं असं नेमकं आठवतं आपल्याला.

तिसऱ्या वेळी मी आणखी पुढं गेले. झिरा उपसून झाला होता. तो जाळं झाडत पाण्यात उभा होता आणि कॅन काठावर होती. मी हळूच गेले, टोपण काढलं, बोट कॅनच्या तोंडाशी फिरवलं आणि नाकाला लावलं. डिझेल. झालं, याच्या पुढं काय पाहिजे? ज्या हातानं टोपण काढलं तो हात अर्धा तास झिऱ्याच्या पाण्यात बुडालेला होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचू दिलं नाही म्हणा. खात्री झाली की माणसाला बरं वाटतं.

संध्याकाळी पारावर चार जाणती माणसं बसली होती. मी सांगितल्यावर त्यांनी त्या दोघांना बोलावून घेतलं. मी बायकांच्या बाजूला उभी होते, पण बोलले मीच. कॅलेंडर सोबत नेलं होतं, तेही दाखवलं. जाळेवाला खालीच बघत उभा होता. मग म्हणाला, "काकू, क्यानीत पेयाचं पानी हाय. घरून आनतो."

"आज पानी आसंल," मी म्हटलं. "रिकामी करून धुतली आसंल."

तो वैतागला नाही. तेही मला खटकलं. ज्यानं काही केलं नाही त्यानं भांडायला पाहिजे, असा माझा हिशेब. तो म्हणाला, "वास वरून न्हाई यायला. खालून यायलाय, वाळूतून. एकदा उकरून बगा तुमी."

"वाळूतून डिझेल निघायलंय," मी म्हटलं. "मग तं सगळ्या गावानं पिपं घेऊन जावं." लोक हसले. त्या हसण्यावरच फैसला झाला. जाणत्यांनी सांगितलं, ह्या काठाला जाळं टाकायचं नाही. वरचा डोह दुसऱ्यांचा, खालचा आणखी कुणाचा, तिथं याला कोण येऊ देणार? हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

त्याची बायको तेवढं एकच बोलली. "पोरीची शाळा हाय, काकू."

"मग आमी आमच्या लेकरांला डिझेल पाजावं का?" मी म्हटलं. आवाज चांगला मोठा होता माझा.

पावसाळ्यात नदी भरली आणि झिऱ्याचा विषय मिटला. दसरा झाला तसे टोळ्या न्यायला ट्रॅक्टर यायला लागले. आमच्या घरावरूनच रस्ता जातो. एका ट्रॉलीत पत्रे, भांडी, शेळ्या, सामानावर ती दोघं बसलेली आणि त्यांच्या मध्ये ती पोरगी, दप्तर मांडीवर घेऊन. उसाच्या फडात दप्तर कशाला, असं माझ्या मनात आलं. वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, वाटलं नाही. आता पाणी तरी चांगलं मिळेल, असं वाटलं.

थंडीत नदी बारीक झाली, झिरा त्याच जागी घेतला. महिनाभर पाणी गोड लागलं. मी दहा जणींना ऐकवलं, बघा, माणूस गेला आणि वास गेला. मग धरणाचं पाणी सुटलं. दोन दिवसांनी ओसरलं. झिरा उकरला आणि त्यावर तोच मोरपंखी तवंग.

झिरा तसाच टाकून मी रिकामी घागर घेऊन घरी आले. पण संशय असा सहजासहजी जात नाही. पहिला विचार आला तो असा, की जाता जाता हा कुणाला तरी सांगून गेला. मेव्हणा आहे त्याचा वस्तीवर, त्याचं काम असणार. दुसऱ्या वेळी पाणी ओसरायला लागलं तेव्हा मी ठरवलंच. सकाळीच भाकरी बांधून घेतली आणि काठावरच्या बेशरमीच्या झुडपाआड जाऊन बसले. मालकांना सांगितलं, शेतात चालले. डोळ्यांत तेल घालून बसले. एक म्हैस आली, पाणी प्याली, गेली. दोन बगळे आले. माणूस एक नाही. ऊन डोक्यावर आलं, कंबर धरली, माझा मलाच राग यायला लागला.

दुपारून नदी आणखी टीचभर उतरली. तेव्हा मला काठाच्या पायथ्याशी काहीतरी चमकताना दिसलं. काठ ओला होता आणि त्यातून पाणी परत नदीकडं पाझरत होतं, बारीक बारीक धारांनी. नदी चढली तेव्हा काठानं पोटात घेतलेलं पाणी आता काठ सोडत होता. आणि त्या धारांना रंग होता. धार वाळूतून बाहेर पडायची आणि खालच्या पाण्यावर मोरपंखी होऊन पसरायची. कुणी ओतत नव्हतं. तिथं मी आणि बगळे सोडून कुणी नव्हतंच.

खुरपं सोबत होतं. मी उकरायला लागले. वर वीतभर पुराचा पोयटा, भेगाळलेला. त्याखाली काळी चिक्कण माती, खुरपं धरून ठेवणारी. ती फोडली आणि खाली वाळू लागली. पण ती आमच्या नदीची पिवळी वाळू नव्हती. करडी, निळसर झाक असलेली, आणि वास असा की नाकाला पदर लावावा लागला. मूठभर घेऊन पिळली, तर हात चकाकला. मी काठाच्या आत उकरत गेले. जितकं आत जावं तितका वास दाट. कोपरभर आत खुरपं टणकन वाजलं. वीट होती. तिच्या शेजारी दुसरी. दोन्ही काळ्या पडलेल्या.

त्या विटा मी डोक्यावर आणल्या होत्या. इंजिन हलू नये म्हणून मालकांनी त्या काठाला गाडल्या होत्या.

मग सगळं आठवलं, नको तितकं. इंजिनाच्या शेवटच्या उन्हाळ्यात मालक टाकीत डिझेल ओतत होते आणि भरलेली अख्खी कॅन हातातून सुटली. डिझेल काठावरून घरंगळत नदीकडं निघालं. मालक हबकून उभे. मी ओरडले, "वाळू लोटा, वाळू! वाळू पिते सगळं." फावड्यानं मीच खड्डा घेतला, सगळं डिझेल त्यात वळवलं, वर वाळू ओढली आणि पायांनी दाबून टाकली. आमच्याकडं हीच रीत आहे. गोठ्यात तेल सांडलं, अंगणात रॉकेल सांडलं, माती टाकायची, माती पिते. तासाभरात वास गेला. मी त्या दिवशी घरी येऊन माझ्या हुशारीचं कौतुकही करून घेतलं होतं. मग पूर आला, काठावरची बाभळ घेऊन गेला, वर चिक्कण माती आणि पोयटा बसवून गेला, आणि काठाचा चेहराच बदलला. पुढच्या उन्हाळ्यात नव्या झिऱ्याची जागा मीच दाखवली. ती बरोबर त्या खड्ड्याच्या खाली होती.

वाळू पाणी गाळते हे खरं, पण तिनं डिझेल प्यालं नव्हतं. कणाकणाला चिकटवून धरून ठेवलं होतं. वरच्या चिक्कण मातीनं वारा लागू दिला नाही, म्हणून ते उडूनही गेलं नाही. तेलकट कढईत नुसतं पाणी फिरवून ओतावं तसं होत होतं ते. दरवेळी थोडं तेल पाण्यासोबत जातं आणि बाकीचं कढईला तसंच राहतं. नदी चढायची, उतरायची आणि दरवेळी थोडं थोडं झिऱ्यात यायचं. पाणी उतरल्यावरच मासे डबक्यांत अडकायचे, म्हणून तो त्याच दिवशी यायचा. माझं कॅलेंडर खरं होतं. मीच ते उलटं वाचलं.

घरी येऊन मालकांसमोर त्या विटा ठेवल्या. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "काखेत कळसा आन् गावाला वळसा." मग माझं तोंड बघून पाण्याचा तांब्या पुढं केला. मी रडले. लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि राग काढायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी पारावर गेले. सांगितलं, डिझेल आमचं होतं, पुरलं मी, आळ घेतला मी. जाणत्यांपैकी एक जण म्हणाला, "झालं गेलं. आता कशाला उकरता?" दुसऱ्यानं विषय हरभऱ्याच्या भावावर नेला. मी वस्तीवर जाऊन जाळेवाल्याच्या म्हाताऱ्या आईकडून नंबर घेतला आणि फोन लावला. बायकोनं उचलला. मागं मोळ्या टाकल्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, न थांबता. पारावर जाऊन कबूल केलं, तेही सांगितलं.  ती म्हणाली, "काकू, आळ घेतला तवा आमाला समोर उभं केलं व्हतं. आता आमी नसताना सांगितलं व्हय?"

मी म्हटलं, "तुमी या. तुमच्यासमोर सांगते."

"पट्टा पडेस्तोवर न्हाई येता येत," ती म्हणाली. पट्टा पडणं म्हणजे कारखाना बंद होणं. तोवर टोळी सुटत नाही. फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, "झिरा हालवला का? वरती खडक हाय, त्याच्या वरल्या अंगाला घ्या. ते पानी नका पिऊ." हे ऐकून मला जे झालं ते सांगता येत नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घेतल्या असत्या.

चैत्रात टोळी परतली. मी स्वतः घरोघर जाऊन माणसं गोळा केली, आळ घेताना होती तेवढी सगळी. ती दोघं आली. पोरगी सोबत होती, उन्हानं काळवंडलेली, वर्गात एक वर्ष मागं पडलेली. मी सगळ्यांसमोर बोलले. माझा आवाज त्या दिवसाइतका मोठा निघाला नाही, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढा काढला. जाणत्यांनीही मग माना डोलावल्या. काठ मोकळा आहे म्हणाले, खुशाल जाळं टाका.

जाळेवाला म्हणाला, "जाळं इकलं मी. दसऱ्यालाच."

मी म्हटलं, "मी आणून देते नवं. कसूर माझा हाय."

त्यानं नाही अशी मान हलवली. रागावलेला नव्हता. पारावरच्या एकेका तोंडाकडं तो बघत गेला, आधी कधी बघितलं नव्हतं तसं, आणि माझ्यापाशी येऊन थांबला. असं बघणं मी चांगलं ओळखते. माझंच आहे ते.

"नवं जाळं घेईन बी, काकू," तो म्हणाला. "आन् उद्या परत कुनाला कसला वास आला, तं तुमी पयले कुनाकडं बगचाल?"

बायकोनं पोरीचा हात धरला आणि तिघं वस्तीकडं निघाली.  पुढच्या दसऱ्याला ट्रॅक्टर आला, तेव्हा ती तिघं परत ट्रॉलीत होती. ह्या खेपेला पोरीच्या मांडीवर दप्तर नव्हतं.